भिंतीतला माणूस

आमच्या म्हाताऱ्याला मी एकदा बाजारात हरवलं आहे. जरीपटक्याच्या बाजारात मेथीची जुडी बघायला वाकले, उठले तर तो नाही. संध्याकाळी सापडला तो रस्त्याच्या कडेला, थर्मलची, म्हणजे त्याच्या वीजकेंद्राची, बस पूर्वी जिथं थांबायची त्या जागी. ती बस बंद होऊन वर्षं झाली, तो निवृत्त होऊनही वर्षं झाली. मला पाहून म्हणाला, "बस काहून नाई आली वं अजून?" तेव्हापासून घराबाहेर पडलं की माझा डावा हात त्याच्या मनगटावर असतो. शेजारणी हसतात. या वयात हातात हात, म्हणतात. त्यांचे नवरे घरी आपोआप येतात, म्हणून हसू येतं.

डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. मी चौथी शिकले आहे, ते नाव मला पाठ करता आलं असतं. पण करून काय फायदा? मी विचारलं, पुढं काय होईल ते सांगा. ते म्हणाले, नवीन आधी जाईल, जुनं शेवटी जाईल. आणि त्यांना घरात कोंडून ठेवू नका, माणसांत न्या. सांगायला काय जातं. गर्दीत न्यायचं म्हणजे हरवायची सोय करायची.

माझी नात चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. तिला ब्रश हातात घेतलेलं मी क्वचित पाहिलं. कॉम्प्युटर, वायरी आणि पडद्यावर उजेड पाडायची यंत्रं, हेच तिचं चालू असतं. एका थंडीत ती एका गोऱ्या बाईला घरी घेऊन आली. बाई फिनलंडची. वेगवेगळ्या देशांत जाऊन तिथल्या कामकरी माणसांचे आवाज गोळा करायचे आणि अंधाऱ्या खोलीत लोकांना ऐकवायचे, ही तिची कला. नात म्हणाली, पुढच्या वर्षी नागपुरात मोठं प्रदर्शन आहे, पुष्कळ देशांतले कलाकार येणार आहेत, आणि या बाईला थर्मलमधल्या माणसाचा आवाज हवा आहे.

बाईनं पिशवीतून एक डोकं काढलं. माणसाच्या डोक्याएवढं, काळं. डोळे नाहीत, तोंड नाही, दोन बाजूंना रबरी कान. ते तिनं आमच्या दिवाणावर, म्हाताऱ्यासमोर ठेवलं. मला ते डोकं घरात नको होतं, पण पाहुणीला कसं म्हणणार.

"हा कोन गा?" म्हाताऱ्यानं विचारलं. "नवीन भरती का?"

"आबा, हा माइक आहे. याच्या कानात बोलायचं," नात म्हणाली.

"याले डोये नाईत?"

"ऐकायला डोळे कशाला लागतात?"

"मंग बरा हाय. आमचा फोरमन असाच होता, त्याले काईच दिसे नाई. फक्त त्याले ऐकूही येत नव्हतं."

नातीनं ते इंग्रजीत सांगितलं. बाई मोठ्यानं हसली. मग म्हाताऱ्यानं बोगद्याची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मला तोंडपाठ आहे. भाकरी थापता थापता मी त्याची पुढची वाक्यं आधी म्हणायची आणि तो चिडायचा. तो राखेच्या विभागात होता. बॉयलरच्या खाली बोगदे असतात, त्यांतून राख पाण्याबरोबर वाहत जाते. जळक्या राखेचे गोटे अडकले की माणूस खाली उतरवून ते फोडायचे. तो असा उतरलेला असताना दिवे गेले आणि गरम पाणी चढायला लागलं. भोंगा झाला. अशा वेळची त्यांची एक रीत होती. अडकलेल्यानं जागा सोडायची नाही, अंधारात एक पाय चुकला की संपलं. एका ठिकाणी उभं राहून आवाज देत राहायचं, "इथं आहो, इथं आहो." बाहेरच्यांनी त्या आवाजाच्या मागं यायचं. आवाज थांबला तर समजायचं, माणूस गेला. आणि जोवर आवाज येतो आहे तोवर कोणी घरी जायचं नाही, पाळी संपली असली तरी. त्या दिवशी त्याच्या सोबत्यांनी त्याला दोरानं ओढून बाहेर काढलं.

त्यानं ती सगळी नीट सांगितली, दोरापर्यंत. "इथं आहो, इथं आहो" हे तर असं ओरडला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

नंतरच्या वर्षात डॉक्टरांचं म्हणणं खोटं ठरलं. नवीन गेलं, आणि त्याच्या मागोमाग जुनंही जायला लागलं. आधी सोबत्यांची नावं गेली. मग मी एकदा बोगदा असा शब्द काढला. "कोनता बोगदा?" म्हणाला. मी पिठाचा हात तसाच धरून उभी राहिले. घाबरण्याची सुरुवात मी तिथूनच धरते. तोवर तो रस्ता विसरत होता. आता तो स्वतःलाच विसरत होता, आणि तिथं मनगट धरून काही होत नाही.

प्रदर्शन लागलं तेव्हा त्याला तिथं न्यायला मी नाही म्हणाले.

"आजी, आबाचा आवाज आहे तिथं. आबाच नको?" नात म्हणाली. "सगळ्या देशांतले आर्टिस्ट आले आहेत."

"काहून, त्यायच्या देशात जागा नाई उरली?"

"तू फक्त एकदा चल. मी आहे ना तिथं."

ती तिथं होती, पण कामाला होती, आलेल्या लोकांना आत-बाहेर करायच्या कामाला. मी गेले, कारण मलाही पाहायचं होतं. खोटं कशाला बोलू. कोणाच्या नवऱ्याच्या आवाजाचं प्रदर्शन लागतं?

आम्ही मेट्रोनं गेलो. म्हातारा खिडकीतून बघत खूश होता. मिहानच्या बाजूला एक रिकामं गोदाम होतं, तिथं सगळं मांडलं होतं. बाहेर ऊन आणि आत अंधार. दारातून आत गेलं की डोळ्यांना काही वेळ काहीच दिसत नव्हतं. मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

पहिल्या भिंतीवर कोरियाच्या कोणा माणसाचं काम होतं. तुम्ही भिंतीसमोर उभे राहिलात की तुमची सावली पडत नव्हती. तुम्ही तिथून हटलात की मग ती यायची आणि तुमच्याशिवाय उभी राहायची. लोकांची पोरं नाचत होती, फोटो काढत होती. मी बाजूला झाले आणि मागं वळून पाहिलं. भिंतीवर मी उभी होते, आणि मी हाताला धरलेला तोही. आम्ही दोघं तिथून गेल्यावरचे. मला ते अजिबात आवडलं नाही. म्हाताऱ्याला ओढतच पुढं नेलं.

पुढं जमिनीवर शेकडो जुने मोबाइल पसरले होते आणि प्रत्येकाच्या काचेवर एक तोंड उघडझाप करत होतं, आवाज नाही. ब्राझीलच्या बाईचं काम, असं नातीनं सांगितलं.

"हे समदे उपाशी हायत का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

जवळ उभा असलेला दाढीवाला माणूस म्हणाला, "वा काकाजी, हाच तर अर्थ आहे!"

"अर्थ नंतर पाहाजो बापू," मी म्हणाले, "पाय सांभाळ, एक तोंड तुह्या टाचेखाली हाय."

मग आमची खोली आली. खोली म्हणजे गोदामाचा मागचा अर्धा भाग, काळ्या पडद्यांनी बंद केलेला. आत जायला पडद्यांचीच वाकडी गल्ली होती, उजेड आत जाऊ नये म्हणून. नातीनं सांगितलं, आत पूर्ण काळोख असतो, भिंतींच्या जागी पडदे आहेत, त्यांवर मधूनमधून राखेसारखं काहीतरी हलतं, आवाज चारी बाजूंनी येतो. मध्ये बाकं आहेत, तिथं बसून राहा. ती आम्हाला बाकापर्यंत सोडून दारावर परत गेली.

आम्ही बसलो. आधी पाणी वाहिल्याचा आवाज आला. मग माझ्या अगदी कानाजवळ म्हातारा बोलला, "मी खाली उतरलो तं पानी गुडघ्याले होतं." मी दचकून बाजूला पाहिलं. त्याचं तोंड बंद होतं. पडद्यावरच्या राखाडी उजेडात मला तेवढं दिसलं. आवाज भिंतीतून येत होता, आणि तो एक वर्षापूर्वीचा होता. खणखणीत. एकही शब्द अडखळत नव्हता. आपल्या घरातून काय काय गेलं आहे हे मला तिथं बसल्यावर समजलं. रोज थोडं थोडं जातं तेव्हा कळत नाही.

मी त्याच्या कानाशी गेले. "कोन बोलून राहिलं, सांगा बरं?"

"थर्मलचा हाय कोनी," तो म्हणाला. "चूप बस. ऐकू दे."

मग दिवे गेल्याचं सांगणं आलं, राखाडी उजेड पूर्ण गेला आणि भोंगा वाजला. खरा भोंगा, तसाच. छातीत शिरणारा. मी तोवर आयुष्यात हजारदा भोंगा ऐकला होता, पण घरात बसून, लांबून. मी दोन्ही हात कानांवर नेले. दोन्ही हात. तेवढंच झालं.

भोंगा थांबल्यावर मी हात खाली आणले तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. बाकाचं लाकूड अजून गरम होतं.

"अवो," मी म्हणाले. आधी हळूच, लोकांसमोर लाज वाटते म्हणून. मग मोठ्यानं. "अवो, कुठं गेले?"

"इथं आहो," तो म्हणाला. उजवीकडून.

मी उजवीकडं गेले. हात पुढं करून, पाय घासत. हाताला कापड लागलं.

"इथं आहो," तो मागून म्हणाला. मग डावीकडून. मग पुन्हा उजवीकडून. "इथं आहो, इथं आहो, आवाज द्या गा."

भिंत बोलते आहे हे मला माहीत होतं. पण त्याच खोलीत जिवंत माणूसही होता, आणि त्याचीही सवय तीच, हाक मारली की इथं आहो म्हणायची. चार आवाजांत एक खरा असेल, किंवा नसेल. कोणाकडं जायचं? मी एका आवाजाकडं गेले. तो सगळ्यांत स्पष्ट होता, त्यात माझा नवरा पूर्ण होता. दोन्ही हातांनी मी तो पकडायला गेले आणि माझं कपाळ लोखंडी खांबावर आपटलं. वर कुठंतरी तो बोलायची पेटी टांगलेली होती. तेव्हा मला कळलं की मी चांगल्या आवाजाच्या मागं जाते आहे. माझ्या माणसाचा आवाज आता इतका चांगला राहिला नाही. तो फाटका असणार, बारीक असणार. मला फाटका आवाज शोधायचा होता, आणि तो या सगळ्या गडगडाटात कसा ऐकू येणार?

गोष्ट संपत आली आणि मी दोराची वाट पाहिली. सोबत्यांनी दोर टाकला की आवाज थांबेल, मग मी हाक मारीन. पण दोर आलाच नाही. "इथं आहो, इथं आहो" होता होता पुन्हा पाणी वाहायला लागलं आणि पुन्हा तो म्हणाला, "मी खाली उतरलो तं पानी गुडघ्याले होतं." शेवट कापून टाकला होता. माणूस आत जात होता, अडकत होता, ओरडत होता, आणि पुन्हा आत जात होता.

कोणीतरी माझ्या तोंडावर लहानसा टॉर्च मारला. तिथं काम करणारी एक मुलगी होती.

"आजी, काय झालं? काकांचं नाव काय? मी हाक मारते."

नाव मी सांगते. बँकेत सांगते, दवाखान्यात सांगते, मला त्याचा बाऊ नाही. पण नावानं हाक मी त्याला उभ्या जन्मात मारली नव्हती. आमच्या वेळच्या कोणीच मारली नाही. त्या काळोखात मी त्याचं नाव घेऊन ओरडले, जेवढं फुप्फुसात होतं तेवढं. एखाद्याला वाटेल, बायकोनं नाव घेतलं आणि नवरा धावत आला. काही झालं नाही. त्याला त्याचं नाव अर्ध्या वेळा आठवत नाही. बाकावरची चार माणसं मात्र उठून बाहेर गेली. त्यांना वाटलं, मीही प्रदर्शनातली.

मी त्रिसरण म्हणायला लागले. विहारात दर रविवारी म्हणते. शब्द पुढचे मागं आणि मागचे पुढं झाले.

टॉर्चवाल्या मुलीनं जाऊन सांगितलं असावं, कारण एकदम सगळे आवाज थांबले. पाणी थांबलं, माणूस थांबला. माझ्या कानात नुसतं सूं व्हायला लागलं. मला वाटलं, आता ऐकू येईल. पण जिवंत माणसाचाही आवाज नाही. तो आत कुठंतरी होता आणि गप्प होता. थर्मलची ती रीत माझ्या डोक्यात घुसली, आवाज थांबला तर समजायचं. मी खांबाला धरून उभी राहिले.

मग समोरचा पडदा माझ्या अंगाला घासून हलला. मागून कोणीतरी काहीतरी खेचत होतं. तेवढ्यात दिवे लागले, नात आणि ती फिनलंडची बाई पळत आल्या. नातीनं पडदा बाजूला केला आणि किंचाळली.

पडद्यामागं लोखंडी पाइपांचा सांगाडा होता, दोन माणसांच्या उंचीचा. वर त्या बोलायच्या पेट्या आणि उजेडाची यंत्रं टांगलेली. सांगाड्याच्या पोटात, वायरींच्या गुंत्यात, म्हातारा उभा होता. अंगठ्याएवढी जाड केबल त्यानं दोन्ही हातांना गुंडाळली होती आणि मागं रेलून ओढत होता. प्रत्येक ओढीबरोबर वरची पेटी डुलत होती. चप्पल एकाच पायात होती.

"आबा, सोड! करंट आहे त्यात! सोड आबा!"

तो आणखी जोरात ओढायला लागला.

"मेन स्विच बंद करा गा कोनी!" मी ओरडले.

"त्याची किल्ली इलेक्ट्रिशियनकडं आहे आजी," टॉर्चवाली मुलगी रडवेली झाली होती. "तो तर्री-पोहे खायला गेला."

फिनलंडची बाई सांगाड्यात शिरायला गेली तर म्हाताऱ्यानं तिला कोपरानं ढकललं. "हट! मानूस खाली हाय! आवाज बंद झाला त्याचा! दिसत नाई का तुमाले?"

तेव्हा मला समजलं तो काय करत होता. तो हरवला नव्हता. भिंतीत माणूस अडकला होता आणि आवाज देत होता, म्हणून तो त्याला काढायला आत गेला होता. दुसरं कोणी प्रदर्शन बघायला बसलं असतं. थर्मलच्या माणसानं बसून राहणं शक्य नव्हतं. आणि आम्ही आवाज बंद केला तेव्हा त्याच्या हिशेबानं तो माणूस मेला.

"आवाज चालू कर," मी नातीला म्हणाले.

"काय?"

"तुह्या बाईले सांग, त्याचा आवाज चालू कर. आत्ता. फक्त 'इथं आहो' तेवढं."

नातीनं सांगितलं. बाईनं जमिनीवर बसून कॉम्प्युटर उघडला. भिंत म्हणाली, "इथं आहो." म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. केबल हातातच होती, पण ओढणं थांबलं.

मी आत गेले. दुसरं कोणी गेलं तर तो ढकलणार, म्हणून मी. यात शौर्य काही नव्हतं. लुगडं पाइपांत अडकत होतं, पायाखाली वायरी होत्या, त्यातली कोणती मारणारी आणि कोणती नाही हे मला कळत नव्हतं, आणि डोक्यावर ती पेटी एका हुकावर लोंबकळत होती. मी त्याच्या हाताच्या अंतरावर जाऊन थांबले. हात लावला नाही. हात लावला तर तो झटका देईल आणि पेटी आमच्यावर येईल, एवढं दिसत होतं.

"चला आता," मी म्हणाले.

"कसा येऊ? तो मानूस अंदर हाय ना."

"तो निघाला."

"निघाला तं आवाज कोनाचा येऊन राहिला?"

तो तुमचाच, असं म्हणून पाहायचं माझ्या मनात आलं. पण त्यानं विश्वास ठेवला नसता तर मी काय केलं असतं, आणि ठेवला असता तर त्यानं काय केलं असतं? मला दोन्हींची भीती वाटली.

"आवाज जुना हाय," मी म्हणाले. "त्या टायमाचा. त्यायनं भरून ठेवला. मानूस कवाच निघाला."

"कोनी काढला?"

"त्याच्या संगच्या लोकायनं. दोर टाकला."

"दोर कुठं बांधला असन? तिथं तं बांधाले जागाच नाई."

"रेलिंगले बांधला. चौघं जन धरून होते. पहिल्या खेपेले दोर आखूड पडला, मंग त्यायनं दुपट्टे बांधले त्याले." हे सगळं त्यानंच मला सांगितलं होतं, भाकरीच्या वेळी. मी त्याचीच वाक्यं त्याला देत होते, आणि माझा आवाज इतका कापत होता की मलाच ओळखू येत नव्हता.

त्यानं मान तिरकी करून भिंतीकडं कान दिला. भिंत म्हणत होती, इथं आहो, इथं आहो.

"जिवंत निघाला?"

"जिवंत."

"भाजला असन."

"हात भाजला थोडा. बाकी काई नाई."

त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत डाग आहे, चुरगळलेल्या कागदासारखा. तो हात माझ्या समोर केबलीत गुंडाळलेला होता. मी तिकडं पाहिलं नाही.

"आता कुठं हाय तो?"

"घरी गेला."

"पक्कं?"

"माह्यासमोर गेला."

त्यानं केबल एकेक वेढा काढून सोडली, अगदी नीट, आणि गुंडाळून बाजूला ठेवली, कोणाच्या पायात येऊ नये म्हणून. मग मी त्याचं मनगट धरलं. बाहेर यायला आम्हाला फार वेळ लागला असं नात म्हणते. मला काही आठवत नाही. पडद्याबाहेर आल्यावर त्यानं वळून भिंतीला सांगितलं, "बंद करा गा तो आवाज. घरी गेला मानूस."

फिनलंडची बाई रडत होती. तिनं नातीकडून मला विचारलं, मी काय करू. मी विचारलं, शेवट काहून कापला. नातीनं इंग्रजीतून आणून उत्तर दिलं, शेवट सांगितला की लोक मोकळे होतात आणि विसरतात. लोकांनी ती भीती घरी न्यावी, असं तिला हवं होतं.

"भीती घरीच हाय आमच्या," मी म्हणाले. "न्यायची गरज नाई पडत."

नातीनं हे सांगितलं की नाही, माहीत नाही. बाईनं शेवट जोडला की नाही, हेही मी नंतर विचारलं नाही.

नातीनं आम्हाला बाहेर टपरीजवळ आणून बसवलं. ऊन डोळ्यांत घुसत होतं. तिनं चहा आणून दिला आणि कपाळाला लावायला बर्फ शोधायला गेली. माझ्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, ते मला तोवर कळलंही नव्हतं. मी एका हातानं त्याची बाही धरली होती आणि दुसऱ्या हातात कप होता. कप काही केल्या स्थिर राहीना. चहा बशीत, बशीतून लुगड्यावर सांडत होता. ती बाही मी इतकी ओढून धरली होती की तिचं बटण तुटून खाली पडलं.

म्हातारा माझ्याकडं बघत होता. बघता बघता त्यानं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि बाकावर ठेवला.

"काहून थरथरून राहिली वं?" तो म्हणाला. "निघाला ना तो."

"हो," मी म्हणाले. "निघाला."